खिडकी नसलेला डबा आणि पाच हजारांचे विमान

उत्तर बंगालमधल्या आमच्या छावणीवरून दिवसभर प्रवासी विमाने बागडोगऱ्याला उतरत असतात. हिवाळ्यात सकाळी धुके असले की ती उशिरा येतात आणि मग एकामागून एक रांग लागते. मेसच्या व्हरांड्यात चहा घेताना मी आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतो, ए३२० की ७३७. निम्म्या वेळा चुकतो. आमचे सुभेदार मेजर साहेब माझ्याहून जास्त बरोबर येतात आणि त्यांनी आयुष्यात कॉकपिट पाहिलेले नाही.

गेले तीन महिने माझ्या लॅपटॉपवर एक पान उघडे आहे. फ्लाइट सिम्युलेटरसाठी एक ॲड-ऑन एअरबस ए३२०, किंमत आपल्या पैशात पाच हजारांच्या वर. खरे विमान नव्हे, त्याची प्रतिमासुद्धा हातात धरता येणार नाही अशी. घ्यावे की नाही? प्रश्न क्षुल्लक आहे हे मान्य. पण सीमेवर आणि शांततेत अनेक निर्णय पाच मिनिटांत घेतलेला माणूस एका खेळण्यापाशी तीन महिने अडतो, तेव्हा अडण्याचे कारण किंमत नसते. म्हणून नेहमीच्या सवयीने आधी इतिहास वाचायला घेतला.

पण त्याआधी एक कबुली देतो. सतराव्या वर्षी एनडीएसाठी माझी पहिली पसंती एअर फोर्स होती. त्या काळी पायलटच्या निवडीसाठी पीएबीटी नावाची चाचणी असे. हातात कांडी, पायाखाली पेडल आणि समोर पळणारा ठिपका. ठिपका मध्यभागी धरून ठेवायचा आणि मध्येच लागणारे दिवे नि वाजणारी घंटाही बंद करायची. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पुन्हा संधी नाही. माझा ठिपका काही मध्यभागी थांबला नाही. आर्मीसाठी निवड झाली आणि खडकवासल्याला आलो. पुढची तीन वर्षे एअर फोर्सचे कोर्समेट उडायला जाताना मी ड्रिल स्क्वेअरवरून वर पाहत असे. आर्मीने मला भरभरून दिले, तक्रार कसलीच नाही. पण तो ठिपका अजून डोळ्यांपुढून गेलेला नाही.

आता इतिहासाकडे येतो. विमान उडू लागल्यावर काही वर्षांतच जमिनीवर बसून उडायला शिकवायचे यंत्र निघाले. फ्रान्समध्ये १९१० च्या सुमारास आंत्वानेत कंपनीच्या विमानांसाठी अर्ध्या पिंपाचे दोन तुकडे एकमेकांवर बसवून त्यावर शिकाऊ वैमानिकाला बसवीत. बाहेरची माणसे दांड्यांनी पिंप हलवायची आणि आतल्याने चाके फिरवून तोल सावरायचा. आपल्याकडे घोड्यावर बसवण्याआधी लाकडी घोड्यावर बसवतात, त्यातलाच प्रकार.

खरी उडी मारली ती एडविन लिंक या अमेरिकन तरुणाने. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनमध्ये त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. लिंकला उडण्याचे वेड होते आणि शिकण्याचा खर्च परवडेना. १९२९ मध्ये त्याने ऑर्गनचेच भाते, पंप आणि झडपा वापरून एक बुटके, आखूड पंखांचे विमान बनवले. कांडी हलवली की भात्यात हवा भरायची आणि डबा कलायचा, वळायचा, नाक वर करायचा. त्याच्या पेटंटच्या नावातच शिकाऊ वैमानिकांसाठीचे साधन आणि करमणुकीचे यंत्र हे दोन्ही शब्द होते. गंमत अशी, की सुरुवातीला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या खेळांच्या बागांचे. उड्डाण शिकवणाऱ्यांना ते खेळणेच वाटले.

मग १९३४ उजाडले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द केले आणि फेब्रुवारीत विमानटपालाचे काम अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांवर टाकले. कडाक्याचा हिवाळा, धुके, बर्फ. धाडसात हे वैमानिक कोणाला हार जाणारे नव्हते, पण बाहेर काही दिसत नसताना केवळ घड्याळे पाहून उडवण्याचा सराव फार थोड्यांना होता. काही आठवड्यांत सुमारे डझनभर जण प्राणास मुकले. गणवेश घातलेल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. हुकूम आला, शिकवणी नव्हती, माणसे तरीही गेली.

तेव्हा लष्कराला लिंकची आठवण झाली. न्यूअर्कच्या विमानतळावर अधिकारी त्याची वाट पाहत होते. हवा इतकी वाईट होती की तो येईल अशी कोणालाच आशा नव्हती. लिंक त्या धुक्यातून घड्याळे पाहत आला आणि उतरला. यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक कोणते असणार? लष्कराने सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत असे सुमारे दहा हजार निळे डबे बनले आणि दोस्त राष्ट्रांचे पाच लाखांहून अधिक हवाई सैनिक त्यात बसून शिकले.

या डब्याच्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, झाकण लावले की आत बाहेरचे काहीच दिसत नसे. आकाश नाही, धावपट्टी नाही, ढग नाहीत. आजच्या भाषेत ग्राफिक्स शून्य. खरे होते ते फक्त घड्याळांचे वागणे. दुसरी, बाहेर शिक्षकाच्या टेबलावर नकाशा असे आणि त्यावर ‘क्रॅब’ नावाचे छोटे तीनचाकी यंत्र सरकत असे. आतला विद्यार्थी जिकडे उडेल तिकडे ते शाईची रेघ ओढत जाई. आपण कुठे भरकटलो याचा वाद घालायची सोयच नव्हती. चूक कागदावर उमटलेली असे.

आपल्याला हे नवीन नाही. सँड मॉडेलभोवती उभे राहून आपण सगळे असेच शिकलो. रंगवलेला भुसा म्हणजे जंगल, निळी रिबिन म्हणजे नदी, आगपेटी म्हणजे गाव. बघायला पोरखेळ. पण तुमच्या प्लाटूनच्या मागे शत्रूची मशीनगन राहिली आहे हे इन्स्ट्रक्टरने छडीने दाखवले की कानशिले तापायची. मॉडेल सुंदर आहे का, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

घरात हे यंत्र आले ते ब्रूस आर्टविक यांच्यामुळे. इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी उड्डाणाचे दृश्य संगणकावर दाखवण्यावर प्रबंध लिहिला. पुढे ॲपल टू या छोट्या संगणकासाठी काही रेघांचे विमान आणि काही रेघांची जमीन असा खेळ काढला. १९८२ मध्ये त्यांचाच कार्यक्रम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या नावाने आला. शिकागोच्या तळ्याकाठी असलेल्या मेग्ज फील्डवरून त्यात वर्षानुवर्षे जगभरची पोरे पहिले उड्डाण करीत. २००३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या महापौरांनी रात्रीतून त्या धावपट्टीवर बुलडोझर चालवले. खरी धावपट्टी गेली, सिम्युलेटरमधली आजही अनेकांकडे शाबूत आहे.

मूळ कार्यक्रमातली मोठी विमाने बाहेरून छान, पण आतून पोकळ असत. बटणे रंगवलेली. ही पोकळी भरण्यासाठी ॲड-ऑनचा धंदा उभा राहिला. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या पीएमडीजीने बोइंगवर हात बसवला. २०११ मध्ये आलेल्या त्यांच्या ७३७ ने घरच्या सिम्युलेटरकडून लोकांच्या अपेक्षाच बदलून टाकल्या. २०२२ च्या मे महिन्यात फेनिक्सचा ए३२० आला. त्यात कॉकपिटमधले सर्किट ब्रेकरसुद्धा ओढता येतात. दुसरीकडे फ्लायबायवायर या स्वयंसेवकांच्या गटाने आपला ए३२० फुकट देऊन टाकला आहे आणि तोही चांगला आहे.

मग पैसे मोजून नेमके काय मिळते? याचे उत्तर मला आपल्याच देशातल्या एका अपघाताने दिले.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचे आयसी ६०५ मुंबईहून बंगळुरूला निघाले. विमान नवे कोरे ए३२०. ताफाही नवा, पद्धतीही नवीन. हवा स्वच्छ होती. पुढच्या दोन्ही आसनांवर कॅप्टन होते. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण गेले. सरकारने साऱ्या ए३२० ताफ्याला काही महिने जमिनीवर बसवले.

चौकशीत जे पुढे आले ते थोडक्यात असे. विमान ‘ओपन डिसेंट’ या पद्धतीत खाली येत होते. या पद्धतीत इंजिने आयडलवर राहतात आणि वेग राखायचा तो नाक खाली करून. नाक वर धरले की वेग गळत जातो आणि इंजिन आपणहून मदतीला येत नाही. दोन्ही फ्लाइट डायरेक्टर बंद केले असते तर इंजिनाने वेग सांभाळायला घेतला असता. एक बंद झाला, दुसरा चालू राहिला. थ्रॉटल पुढे ढकलण्याची जाग आली तेव्हा इंजिनाला ताकद घ्यायला लागणारे सेकंद उरले नव्हते.

एका रात्री मी फुकटचा ए३२० घेऊन बंगळुरूच्या त्या जुन्या विमानतळावर उतरायला गेलो आणि दोनपैकी एकच डायरेक्टर बंद केला. पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. तरीही नजर धावपट्टीवर खिळली आणि कोपऱ्यातल्या पट्टीवर वेग चोरपावलांनी उतरत गेला. काही मोडले नाही, लाल दिवा लागला नाही, धक्का बसला नाही. सगळे अगदी व्यवस्थित वाटत होते. मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. अहवाल मी यापूर्वी दोनदा वाचला होता. तो समजला त्या रात्री. त्या दोघांना मनातल्या मनात निष्काळजी ठरवणारा मी, त्या जागी बसल्यावर गप्प झालो.

चांगल्या सिम्युलेटरची कसोटी म्हणजे हीच. ते तुमची चूक लपवणार नाही, लिंकच्या क्रॅबसारखी शाईने उमटवेल. खोटे विमान तुम्हाला सांभाळून घेते. खरे वागणारे विमान तुम्हाला तुमच्या चुकीसकट सोडून देते.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्रॅबची रेघ पाहायला टेबलापाशी बसावे लागते. असले ॲड-ऑन म्हणजे शेकडो पानांची मॅन्युअल्स, थंड विमान सुरू करून निघेपर्यंत अर्धा-पाऊण तास आणि मग पूर्ण उड्डाण. वर बरा संगणक आणि जॉयस्टिक हा खर्च वेगळाच. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडे अशी चार विमाने आहेत. ते स्वतःच हसत सांगतात, की एकाचेही इंजिन त्यांनी व्हिडिओ न पाहता सुरू केलेले नाही. वास्तवता विकत मिळते. तिच्यापुढे बसण्याचा वेळ विकत मिळत नाही.

म्हणून मी स्वतःला एक अट घातली. फुकटच्या ए३२० वर पूर्ण दहा उड्डाणे, थंड विमानापासून थंड विमानापर्यंत, व्हिडिओ न पाहता. प्रत्येकाची नोंद वहीत आणि चुका लाल शाईत. ती पुरी झाली तरच पाकीट उघडायचे.

या वहीबद्दल पुण्याला लेकीला फोनवर सांगितले. ती अकरावीला आहे. मुलींसाठी एनडीएची दारे २०२२ मध्ये उघडली आणि तिचीही पहिली पसंती एअर फोर्स आहे. पीएबीटीच्या जागी आता संगणकावरची सीपीएसएस चाचणी आहे, पण नियम तोच. संधी एकदाच.

मी म्हणालो, “तुलाही सराव होईल.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, ए३२० मध्ये फ्लाइट प्लॅन भरून माझा ठिपका मध्ये राहणार आहे का? तू घे ना, पण तुझ्यासाठी घे. माझ्या नावावर नको.”

पोरीने नेमके बोट ठेवले. तीन महिने मी त्या पानावर विमान पाहत नव्हतो, ठिपका पाहत होतो. तो ठिपका तिच्या हातात देऊन मोकळे व्हायची माझी तयारी चालली होती. हे विमान माझ्या सतराव्या वर्षाची चाचणी पुन्हा घेऊ शकत नाही आणि तिची चाचणी सोपीही करू शकत नाही. त्या दोन अपेक्षा वजा केल्यावर जे उरले ते स्वच्छ होते. एका यंत्राचे वागणे समजून घेण्याची हौस, आणि ज्यांनी ते आधी प्राण देऊन शिकले त्यांच्याविषयी आदर. एवढ्यासाठी पाच हजार जास्त नाहीत.

दहावे उड्डाण गेल्या रविवारी झाले. वहीत लाल शाई काळीपेक्षा जास्त आहे. विमान मी त्याच संध्याकाळी घेतले. डाउनलोडला छावणीच्या नेटवर्कने रात्र घेतली, ती गोष्ट वेगळी.

आपल्यापैकी कोणी हाच विचार करत असेल, तर किंमत शेवटी पाहावी. आधी एक वही घ्या. आणि हे विमान कोणासाठी घेताय, ते तिच्या पहिल्या पानावर लिहा.

जय हिंद.