उतारावरची माणसे

२६ जुलै २००५ म्हटले की मुंबईला मिठी नदी आठवते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. विहार-पवईचे पाणी मिठीत उतरले, कुर्ला-कलिना बुडाले. पुढे चितळे समिती नेमली गेली, नदीसाठी प्राधिकरण झाले. पण त्याच दिवशी साकीनाक्याला टेकडी कोसळून सत्तरहून अधिक माणसे गाडली गेली, हे किती जणांना आठवते?

ही एकच घटना नव्हे. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये मालाडला पालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगरावर पडली. तीसच्या आसपास मेली. त्या वस्तीतली अनेक कुटुंबे १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय उद्यानाच्या जमिनीवरून पुनर्वसनाची वाट पाहत होती. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरचे भारत नगर आणि विक्रोळी.

याला अस्मानी संकट म्हणतात. पाऊस अस्मानी खरा; पण उतार कोणी तोडला? डोंगराचा पायथा खणला की वरचा मुरूम आधाराविना राहतो. गटार नसले की पाणी त्यात मुरते, माती जड होते आणि घसरते. भिंतीमागे पाणी अडले की भिंत ढकलली जाते. यात दैवी काही नाही.

मग माणसे तिथे का राहतात? माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले. सपाट जमीन कारखान्यांची, रेल्वेची, सोसायट्यांची. उरला डोंगर. गावात आमची वस्ती पाण्याच्या खालच्या अंगाला होती, कारण आमचे पाणी गावाला चालत नव्हते. शहराने आम्हांला उतारावर चढवले, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नको होती. १९७१ चा झोपडपट्टी कायदा आला, १९७६ ची गणना झाली, पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख आली. प्रत्येक वेळी विचारले गेले ते एवढेच : तू कधी आलास? तुझ्या डोक्यावरचा कडा पक्का आहे का, हे कागदावर विचारलेच नाही.

मेलेले सगळे दलित होते असे मी म्हणत नाही. त्यांत मुसलमान होते, उत्तरेकडचे मजूर होते. पण नको असलेली जागा नको असलेल्या माणसाला द्यायची ही रीत आपल्या परिचयाची आहे. शहराने फक्त तिचा विस्तार केला.

आता थोडे आपल्याविषयी. घाटकोपरच्या चिराग नगरात अण्णा भाऊ साठे राहिले. त्याच घाटकोपरात ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. ११ जुलैला आपण तिथे जमतो, जमलेच पाहिजे. पण १२ जुलैला आझाद नगरात आपल्यापैकी किती जण जातात? गोळीमागे बंदूकधारी दिसतो, म्हणून निषेध करता येतो. दरडीमागे फाइल असते, ठेका असतो, लांबवलेले पुनर्वसन असते; ते दिसत नाही, म्हणून आपणही पावसाला दोष देऊन मोकळे होतो.

दिसत नाही ते दाखवणे हेच इतिहासाचे काम. विद्यार्थ्यांनी आपापल्या डोंगरावर वही घेऊन चढावे : कोण कधी आले, पायथा केव्हा खणला गेला, कोणी अर्ज केला, उत्तर काय आले. पुढचा जुलै येण्यापूर्वी ही वही तयार असली पाहिजे. ती प्रेते मोजण्यासाठी नको. दरड पडण्याआधी जाब विचारण्यासाठी हवी.