साध्या कपड्यातला बखरकार

घोटीच्या नाक्यावर आपली सभा लागली की कडेला एक इसम उभा असतो. साधा शर्ट, खिशात पेन. टाळी वाजवत नाही, घोषणा देत नाही. सभा सुटली की हळूच विचारतो, पुढचा कार्यक्रम कधी? पोरं म्हणतात, आला बघ सीआयडी. आणि हसून सोडून देतात.

हसा, पण दोस्तहो, एक ध्यानात ठेवा. आपल्या इतिहासाचा मोठा ऐवज याच माणसाच्या हातचा आहे. १९८२ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांच्या इतिहासाची साधनं म्हणून एक इंग्रजी ग्रंथ छापला. त्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्या आहेत, तसे मुंबई इलाख्याच्या पोलिसांचे गुप्त अहवालही आहेत. ज्या सरकारी यंत्रणेनं पाळत ठेवली, तिचेच कागद पुढं सरकारनं इतिहास म्हणून छापले. आपला माणूस मराठीत बोलला, पोलिसानं ते इंग्रजीत उतरवलं, आणि आता आपण ते परत मराठीत आणून वाचतो. या तीन उड्यांत काय काय सांडलं असेल!

हे खातं काही आपल्यासाठी निघालं नव्हतं. १९०२-०३ च्या फ्रेझर कमिशननं शिफारस केली आणि प्रांतोप्रांती सीआयडी उभी राहिली. नाशिकवर तर सरकारचा डोळा होताच. २१ डिसेंबर १९०९ ला इथं कलेक्टर जॅक्सनचा खून झाला होता. मग वीस वर्षांनी त्याच नाशकात आपली माणसं जमली, ती देवळाच्या दारात.

२ मार्च १९३०. पंधरा हजारांचा जमाव, मैलभर लांब मिरवणूक. दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते, हेही लिहून ठेवा. जिल्हा मॅजिस्ट्रेट आणि पोलीस सुपरिंटेंडेंट जातीनं हजर. काळारामाची दारं बंद. मिरवणूक गोदेच्या घाटावर वळली, तिथं सभा झाली. दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाची पहिली तुकडी दारांवर बसली: १२५ पुरुष, २५ स्त्रिया. पुढं एप्रिलात रथाच्या दिवशी दगड बरसले. दारं काही उघडली नाहीत.

आता सरकारी कागदाची नजर बघा. त्याला पुढाऱ्याचं नाव पाहिजे, जमावाचा आकडा पाहिजे, शांतता बिघडेल का एवढं पाहिजे. त्या २५ बायांनी घरी पोरं कुणाकडं ठेवली, हे त्याला विचारायचं कारण नव्हतं. सत्याग्रहानंतर गावोगाव आपल्या लोकांच्या वाटा अडवल्या, पोरांना शाळेतून हाकललं, दुकानदारानं मीठमिरची नाकारली. हे सोसणाऱ्यांची घरागणिक यादी कुठल्या खात्यानं केली? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून माणसं शोधत फिरल्या, म्हाताऱ्यांपुढं बसल्या, तेव्हा १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' निघालं आणि चळवळीतल्या बायांना नावं मिळाली. दादासाहेब गायकवाडांनी बाबासाहेबांची पत्रं जपली, म्हणून मार्च १९३४ मध्ये मंदिराचा सत्याग्रह थांबवा असं त्यांनी का कळवलं, ते आज त्यांच्याच शब्दांत कळतं. देवभक्त व्हायला आपण तिथं गेलोच नव्हतो.

मोठे साहेब निवृत्त झाले की लिहितात. महाराष्ट्र केडरचे वप्पाला बालचंद्रन घ्या. १९५९ ला पोलीस सेवेत आले, १९९५ ला केंद्राच्या मंत्रिमंडळ सचिवालयातून विशेष सचिव म्हणून निवृत्त झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान आणि ते, अशा दोघांच्या समितीनं मुंबई पोलिसांची कामगिरी तपासली. हेरगिरीच्या इतिहासावर त्यांनी पुस्तकंही लिहिली. निवृत्त साहेबानं आपल्याच खात्याला प्रश्न विचारावा, ही लोकसेवाच आहे, नाही कशाला म्हणू? पण साहेबाच्या टेबलावरचा कागद येतो खालून, उन्हात उभ्या शिपायाकडून. तो पेन्शनीत गेला की गावाकडं गप बसतो. त्यानं पाहिलेल्या सभा, मोर्चे त्याच्याबरोबर मातीत जातात. असा कुणी तुमच्या आळीत असेल तर त्याच्याकडं जाऊन बसा. शत्रू म्हणून नको. चहा घ्या आणि विचारा, काका, तुम्ही काय लिहायचात? आणि काय लिहायचं नाही असा हुकूम होता?

मुंबईची गाडी घाट चढून इगतपुरी सोडते आणि घोटीवरून नाशिककडं जाते. आग्रा रोडही इथूनच. १९३० ला जो पंधरा वर्षांचा होता, तो आज शंभरी ओलांडून गेलेला. म्हणजे आता विचारायचं ते नातवांना. आजा नाशकाला गेला होता का? पायी की गाडीनं? बरोबर कोण होतं? भाकरी कुणी बांधून दिली? परत आल्यावर गावकीनं काय केलं? शंभर पानी वही घ्या, एका पानाला एक घर. वर गावाचं नाव, तारीख, सांगणाऱ्याचं नाव. लिहिलेलं वाचून दाखवा आणि त्याची सही घ्या, सही येत नसेल तर अंगठा.