चादरीची नक्षी, पुठ्ठ्याची कार्डे आणि माग थांबवण्याचा अधिकार

१/ सोलापुरी चादर कधी उलटून पाहिली आहे? एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला रंग पालटून उमटलेली दिसते. ती मागाच्या माथ्यावर बसवलेल्या जेकार्डमधून उतरते. संगणक एआयच्या हाती सोपवावा का, या आजच्या प्रश्नाची पूर्वपीठिका याच यंत्रात सापडते.

२/ पूर्वी नक्षीदार रेशीम विणताना दोन माणसे लागत. विणकर धोटा फेकी आणि एक मुलगा नक्षीनुसार उभे धागे ओढून धरी. फ्रान्समधील ल्याँ येथील जोझेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास त्या मुलाचे काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीकडे सोपवले. छिद्र असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड लागे.

३/ १८३९ मध्ये खुद्द जाकारचे चित्र रेशमात विणले गेले. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती. आपल्या नियोजित गणकयंत्रालाही त्याने अशाच कार्डांतून आज्ञा देण्याचे योजले होते.

४/ सोलापुरात १८७७ मध्ये कापडगिरणी सुरू झाली, तीच पुढे ‘जुनी मिल’. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागाची आणि पुढे यंत्रमागाची पेठ उभी केली. जेकार्डवरच्या चादरीने या शहराचे नाव घरोघरी नेले.

५/ परंतु कार्ड आंधळे असते. धागा तुटला तरी साखळी पुढे सरकत राहते आणि दोष कापडात उतरतो. म्हणून आडवा धागा तुटताच यंत्रमाग थांबवणारी युक्ती १९ व्या शतकातच निघाली. जपानच्या साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात उभा धागा तुटला तरी माग आपोआप थांबे. एका कामगाराकडे अनेक माग सोपवणे शक्य झाले ते यामुळे.

६/ दुसरा प्रश्न नुकसानीचा होता. मुंबईच्या गिरण्यांत खराब झालेले कापड विणकराच्याच माथी मारून पगार कापण्याची रीत होती. सूत कच्चे असो वा यंत्र नादुरुस्त, भुर्दंड त्यालाच. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने मर्यादा घातली: नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणामुळे झालेले असावे आणि कपातीपूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.

७/ आता संगणकाकडे वळू. फाइल उघडणे, आकडे भरणे, बिल छापणे ही कामे ओळीने करणारी स्क्रिप्ट म्हणजे कार्डांची साखळीच. ॲपलची ॲपलस्क्रिप्ट १९९३ मध्ये आली. अशी स्क्रिप्ट चुकते, पण लिहिलेल्या आज्ञांपलीकडे जात नाही. चूक कोणत्या ओळीत आहे, ते शोधता येते.

८/ ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड या प्रारूपाला पडदा पाहून माउस आणि कळफलक चालवण्याची क्षमता दिली. जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयचा ‘ऑपरेटर’ आला. येथे मोठा फरक पडतो. एआय एजंटला आपण केवळ उद्दिष्ट सांगतो. पुढची कार्डे तो स्वतःच पाडतो आणि स्वतःच चालवतो. वाटेतल्या एखाद्या वेबपानावर परक्याने दडवलेली सूचना तो आपल्या मालकाचीच समजून पाळू शकतो.

९/ धोका काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेवरील एआय एजंटने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असतानाही, एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि प्रयोगाचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली.

१०/ म्हणजे धागा तुटल्यावर थांबण्याची युक्ती येथे नंतर बसवली गेली. ती आधी बसवता येते. एजंटला स्वतंत्र खाते द्यावे आणि कामापुरतीच परवानगी द्यावी. स्क्रिप्ट प्रथम नकलेवर चालवावी, जसा नवी नक्षी घेताना आधी नमुना विणून पाहतात. पुसणे, पैसे पाठवणे, पत्र धाडणे अशा परत न फिरणाऱ्या कृतींपूर्वी माणसाची संमती घ्यावी. केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

११/ ही नोंद कशासाठी, ते सहाव्या भागात आले आहे. उद्या एखाद्या कारखान्याच्या कचेरीत एजंटने चुकीची बिले पाठवली, तर दोष बहुधा त्या संगणकापुढे बसलेल्या कारकुनावर येईल. परवानगी कोणी दिली आणि थांबवण्याची कळ कोणाच्या हाती होती, हे कागदावर नसेल, तर त्याचे म्हणणे ऐकायचे तरी कशाच्या आधारे?

१२/ आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डवर पुठ्ठे नाहीत. नक्षी फाइलमधून येते. मागाजवळ माणूस मात्र अजून उभा असतो आणि माग बंद करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. एजंटला संगणक सोपवताना त्यापुढे बसणाऱ्यालाही हाच अधिकार आधी द्यावा.