भेंडी, तळलेली

भेंडीच्या कोवळ्या फळांचे तुकडे पिठात घोळवून कढत तेलात तळून केलेला खाद्यपदार्थ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील राज्यांत तो विशेष रूढ असून तेथे भेंडीला मक्याचे भरड पीठ लावतात. महाराष्ट्रात त्याच धर्तीचा पदार्थ बेसन, तांदळाचे पीठ किंवा रवा लावून करतात.

भेंडी ही माल्व्हेसी कुलातील वनस्पती. तिचे मूलस्थान ईशान्य आफ्रिकेत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिची एक वन्य नातलग जाती भारतात आढळत असल्याने काहींनी भारताचाही दावा मांडला आहे. ईजिप्तमधील तिच्या लागवडीचे वर्णन तेराव्या शतकाच्या प्रारंभी मिळते. अटलांटिकपलीकडे ती गुलामांच्या व्यापाराबरोबर गेली. १६५८ पर्यंत ती ब्राझीलमध्ये पोहोचली होती. ‘ओक्रा’ हे तिचे इंग्रजी नाव पश्चिम आफ्रिकेतील इग्बो भाषेतून, तर ‘गंबो’ हे नाव बांटू भाषांतून आले. मेरी रँडॉल्फ यांच्या १८२४ मधील व्हर्जिनियाविषयक पाककृतिग्रंथात भेंडीच्या कृती आहेत. मात्र मळेवाल्यांच्या घरी चुलीपुढे बहुधा आफ्रिकी वंशाचे गुलामच राबत असत व त्यांची नावे अशा ग्रंथांत येत नाहीत. दक्षिणेचा म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ त्यांच्या हातचा. त्यांचे श्रेय या शब्दांतच तेवढे उरले आहे.

भेंडी तळण्यामागील कारण तिच्या बुळबुळीत द्रव्यात आहे. हे द्रव्य बहुशर्करायुक्त असून पाण्याच्या संपर्काने चिकट तार धरते. म्हणून भेंडी अख्खी धुऊन, पुसून, पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरतात. अमेरिकेत सु. १ सेंमी. जाडीच्या चकत्या ताकात बुडवून मीठ व मिरपूड घातलेल्या मक्याच्या पिठात घोळवितात आणि सु. १८०° से. तापमानाच्या तेलात थोड्याथोड्या तळतात. एकदम जास्त चकत्या सोडल्यास तेल निवते व पीठ तेल पिते. ताकातील आंबटपणाने चिकटपणा कमी होतो. मराठी स्वयंपाकघरात भेंडीच्या भाजीत आमसूल, चिंच वा ताक घालतात ते याच अनुभवातून. तळलेली भेंडी झाकून ठेवल्यास वाफेने मऊ पडते.

बोरीवलीसारख्या उपनगरात या इतिहासाचे दुसरे टोक दिसते. साष्टी बेटावरील हा भाग १५३४ पासून मराठ्यांच्या १७३७–३९ च्या मोहिमेपर्यंत पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. मंडपेश्वर लेण्यांवरील मठाचे अवशेष त्याची साक्ष देतात. मूळची अमेरिकेतील मिरची पोर्तुगीजांमार्फतच भारतात आली. त्यामुळे अमेरिकेत आफ्रिकेच्या फळाला तेथील मूळ रहिवाशांचा मका मिळाला, तर येथे भेंडीला अमेरिकेची मिरची मिळाली. कोळी व ईस्ट इंडियन घरांत सुकट घालून भेंडी परततात. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेली बोरीवली १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. वस्ती वाढत गेली तसे कोकणातून व गुजरातेतून आलेल्या कुटुंबांबरोबर त्यांचे स्वयंपाकही येथे आले. कोकणी पद्धतीत भेंडी उभी चिरून, तिखट, हळद व मीठ लावून रव्यात घोळवितात व तव्यावर तळतात. गुजराती पद्धतीत पातळ उभ्या कापांना बेसन भुरभुरून ते कुरकुरीत तळतात. मीठ चिरलेल्या भेंडीला फार आधी लावू नये, कारण त्यामुळे पाणी सुटून पीठ ओले होते.

दोन्ही किनाऱ्यांवरील कृती परस्परांपासून उचललेल्या दिसत नाहीत. फळाच्या एकाच अडचणीवर दोन समाजांतील स्त्रियांनी हाताशी असलेले धान्य आणि कढत तेल यांच्या साह्याने स्वतंत्रपणे शोधलेली ती उत्तरे होत.