रामरक्षा
रामरक्षा : संकटात व भयप्रसंगी म्हटले जाणारे संस्कृत कवचस्तोत्र. श्लोक ३८, छंद मुख्यतः अनुष्टुभ्. कर्ता बुधकौशिक ऋषी. शंकराने स्वप्नात सांगितले ते त्यांनी सकाळी उठून लिहिले, असे स्तोत्रातच म्हटले आहे. गाभा कवचाचा : मस्तक राघवाकडे, कपाळ दशरथपुत्राकडे, डोळे कौसल्यानंदनाकडे, असे करत पावलांपर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली केला जातो. भीतीने आधी हातपायच गळतात, हे रचनाकाराने नेमके हेरले असावे. महाराष्ट्रात अनेक घरांतून ती दिवेलागणीला, शुभंकरोतीनंतर मुलांकडून म्हणवून घेत. अर्थ कळण्याआधीच ती पाठ होई; पुढे आजारपणात किंवा अंधाऱ्या वाटेवर आपसूक ओठांवर येई.