व्यायामातील हृद्‌गतिवाढ
शारीरिक श्रमाच्या वेळी हृदयाच्या दर मिनिटाला होणाऱ्या स्पंदांत पडणारी वाढ. ही वाढ दुर्बलतेची खूण नसून स्नायूंच्या वाढलेल्या गरजेला शरीराने दिलेला प्रतिसाद आहे. निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सु. ७० वेळा स्पंदन पावते व सु. ५ लि. रक्त बाहेर टाकते. तीव्र श्रमात स्पंद १८० ते २०० पर्यंत जातात आणि बाहेर पडणारे रक्त २० ते २५ लि. होते. त्याचा मोठा भाग काम करणाऱ्या स्नायूंकडे वळविला जातो.

विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाची उपपत्ती मांडल्यानंतर नाडीची गती आणि स्नायूंना होणारा रक्तपुरवठा यांचा संबंध स्पष्ट होऊ लागला. तथापि गती कशाने वाढते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. १८४५ मध्ये वेबर बंधूंनी प्राणेशा तंत्रिकेच्या उद्दीपनाने हृदय मंदावते व थांबतेही, हे दाखविले. १८६० नंतरच्या दशकात बेट्सोल्ट व सायन बंधू यांच्या प्रयोगांतून हृदयाची गती वाढविणाऱ्या अनुकंपी तंत्रिका ज्ञात झाल्या. अशा रीतीने हृदयाला लगाम व चाबूक दोन्ही असल्याचे सिद्ध झाले.

श्रमात निर्माण होणारे रासायनिक पदार्थ रक्तावाटे पोहोचल्यामुळे हृद्‌गती वाढते, असे मत प्रचलित होते. क्रोग व लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये असे दाखविले की, ही वाढ श्रम सुरू होताक्षणीच होते. रक्तातील पदार्थांना पोहोचण्यास तेवढा अवधीच नसतो. यावरून स्नायूंना हालचालीची आज्ञा देणारा मेंदू त्याच वेळी हृदयालाही संदेश देतो, असा निष्कर्ष निघाला. १९३७-३८ मध्ये आलम व स्मर्क यांनी श्रमानंतर अवयवाचा रक्तप्रवाह अडवून ठेवला असता रक्तदाब चढलेलाच राहतो, असे दाखवून दिले. म्हणजे स्नायूंकडूनही मेंदूकडे संदेश जात असतो.

आरंभीच्या काही क्षणांत प्राणेशा तंत्रिकेचा लगाम सैल होतो. गती सु. १०० च्या पुढे जाऊ लागली म्हणजे अनुकंपी तंत्रिकांचा व अधिवृक्क ग्रंथींतील ॲड्रेनॅलिनाचा प्रभाव प्रमुख ठरतो. प्रतिरोपित हृदयाच्या तंत्रिका तुटलेल्या असल्याने त्याची गती श्रमाच्या आरंभी फारशी वाढत नाही. ॲड्रेनॅलीन रक्तातून पोहोचल्यावर ती सावकाश वाढते.

श्रमाच्या प्रकारानुसार परिणाम भिन्न असतात. सांगली जिल्ह्यातील कडेगाव हे मोहरमच्या उंच ताबूतांबद्दल प्रसिद्ध आहे. असे जड ओझे अनेकांनी मिळून उचलून धरताना स्नायू ताणलेले राहतात व त्यांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात. त्यामुळे हृद्‌गतीच्या मानाने रक्तदाब अधिक वाढतो. धावताना स्नायू आळीपाळीने आकुंचन व शिथिलन पावतात. त्यामुळे गती व रक्तप्रवाह हेच मुख्यतः वाढतात. कुस्तीत हे दोन्ही प्रकार एकत्र येतात.

कडेगावच्या शेजारील कराड परिसरातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेल्‌सिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. एका दीर्घ लढतीनंतर नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न मिळता त्यांना लगेच पुढील लढतीस उतरावे लागले, असे सांगितले जाते. श्रम थांबताच हृदय पूर्ववत होत नाही. ऑक्सिजनाची उणीव भरून निघेपर्यंत व उष्णता बाहेर टाकली जाईपर्यंत गती चढलेलीच राहते. विश्रांतीच्या नियमाला हाच शरीरक्रियात्मक आधार आहे.

दीर्घकाळच्या सरावाने हृदय दर स्पंदास अधिक रक्त टाकू लागते व विश्रांतीतील गती कमी होते. १८९९ मध्ये हेन्शेन यांनी स्वीडनमधील बर्फावर घसरत धावणाऱ्या स्पर्धकांत हृदय मोठे झाल्याचे नोंदविले, तेव्हा त्याला विकार मानावे काय, असा वाद उद्भवला. अशी वाढ बहुधा सरावाशी झालेले अनुयोजन असते, हे आता मान्य झाले आहे. तथापि श्रमात छातीत दुखणे, भोवळ येणे वा शुद्ध हरपणे ही सरावाची लक्षणे नव्हेत. अशा वेळी व्यायाम थांबवून हृदयाची तपासणी करणे आवश्यक असते.