‘कंट्रोल-पी’मागचा इतिहास

तीन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रिंट’ आणि ‘पीडीएफ सेव्ह करा’ ही दोन बटणं टाकायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यात झालं. कर्जखात्यांची मराठी पानं स्क्रीनवर दिसत तशीच कागदावर उतरली. सगळे खूश. महिन्याभराने तिथल्या क्लार्क काकूंचा फोन आला. “मॅडम, पीडीएफमध्ये नाव समोर दिसतंय, पण शोधलं की सापडत नाही.”

मी ‘शिंदे’ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं. पहिली वेलांटी ‘श’च्या आधी येऊन बसली होती, ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटून. जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. चूक माझीच होती, पण तिचं मूळ शोधताना मी पन्नास वर्षं मागे गेले.

झेरॉक्सचं कॅलिफोर्नियात पालो आल्टोला संशोधन केंद्र होतं. तिथे १९७१ मध्ये गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्सच्याच कॉपी मशीनमध्ये लेझर बसवून लेझर प्रिंटर उभा केला. १९७४ मध्ये त्याच केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि सहकाऱ्यांनी ‘ब्राव्हो’ हा एडिटर लिहिला. तोवर मजकुरात ‘इथून ठळक’ अशा खुणा टाकायच्या आणि काय झालं ते कागद बाहेर आल्यावर बघायचं, अशी रीत होती. ब्राव्होत छापील रूप स्क्रीनवरच दिसू लागलं.

ते सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. डॉसच्या काळात प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यात फारशी पडत नसे. वर्डपर्फेक्टसारखी सॉफ्टवेअर आपापले प्रिंटर ड्रायव्हर सोबत घेऊन येत. नवा प्रिंटर आला की प्रत्येक कंपनीला तेच काम पुन्हा.

यातून सुटका दोन वाटांनी झाली. पालो आल्टोच्या केंद्रातले जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये बाहेर पडून अडोबी काढली आणि ‘पोस्टस्क्रिप्ट’ आणलं. पान म्हणजे एक प्रोग्रॅम: इथे जा, हा फॉण्ट घे, हा आकार काढ. १९८५ मध्ये अ‍ॅपलच्या लेझररायटर प्रिंटरमध्ये ते आलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोजने दुसरी वाट धरली. प्रोग्रॅमरने चित्र काढायच्या आज्ञा लिहायच्या. त्या स्क्रीनवर उतरवायच्या की प्रिंटरवर, ते ड्रायव्हर बघेल. एकच फंक्शन लिहून स्क्रीन, प्रिंट प्रिव्ह्यू आणि कागद, तिन्ही भागू लागले.

१९९३ मध्ये अडोबीने पीडीएफ आणलं आणि त्यासोबत ‘पीडीएफ रायटर’ नावाचा एक नावापुरता प्रिंटर. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून त्याला प्रिंट द्या, कागदाऐवजी फाइल मिळते. सॉफ्टवेअरला फरकही कळत नाही. मीही हीच वाट वापरली होती.

गोम तिथेच आहे. प्रिंटरला फक्त आकार हवा असतो. इंग्रजीत बहुतेक वेळा एक अक्षर म्हणजे एक आकार, म्हणून निभावतं. मराठीत ‘शि’ साठवताना आधी श, मग वेलांटी. काढताना वेलांटी आधी. ‘अर्क’मधला र ‘क’च्या आधी साठवला जातो, रफार मात्र ‘क’च्या डोक्यावर चढतो. ‘क्ष’ म्हणजे साठवणीत तीन खुणा, पानावर एक आकार. ही जुळणी झाली की प्रिंटरकडे बरेचदा फॉण्टमधल्या आकारांचे क्रमांकच जातात. अमुक क्रमांक म्हणजे कोणतं अक्षर, हे फाइलमध्ये लिहिलेलं नसेल तर पुढे कुणालाच ते सांगता येत नाही.

युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉण्टची गत आणखी वाईट. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत, तेही प्रत्येक कंपनीचे वेगळ्या क्रमाने. त्या पीडीएफ सुरेख दिसतात. कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा काला हाती येतो.

उपाय पीडीएफमध्येच आहे. आकारांसोबत त्यांचा मूळ मजकूर जोडून ठेवता येतो. मी प्रिंटरची वाट सोडली, फाइल थेट तयार केली आणि प्रत्येक शब्दाला त्याचा मजकूर जोडला. आठवड्याच्या कामाला आणखी तीन आठवडे लागले. महिन्याभरातली पानं पुन्हा काढून दिली. काकूंनी फोनवरच ‘शिंदे’ शोधलं. “आले हो, सगळे शिंदे आले,” म्हणाल्या.

अंध माणसाला वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही हा जोडलेला मजकूरच वाचतं, आकार नाही. तुमच्या मोबाइलमधली एखादी मराठी पीडीएफ उघडा आणि पहिली वेलांटी असलेला एखादा शब्द शोधून बघा. सापडला नाही, तर त्या फाइलमध्ये मराठीचं फक्त चित्र आहे.